खिशातली नारिंगी खुंटी

१

टेस्टर मेला तेव्हा बोट बंद होती. मोटर बंद होती, बॅटऱ्यांचं कनेक्शन तोडलेलं होतं आणि ते तोडल्याचा पुरावा खुद्द मेलेल्या माणसाच्या खिशात होता. तरीही तो शॉक बसून मेला होता.

टेस्टर हे बोटी बांधणाऱ्या यार्डातल्या वायरमनचं टोपणनाव. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असायचा म्हणून पडलेलं. लग्नात नवरीचा हात हातात घेण्याआधीही त्याने टेस्टर लावून बघितला, असं लोक त्याच्या तोंडावर सांगत. त्यावर तो म्हणायचा, "बघितला होता. करंट होता. तरी धरला." असा माणूस निष्काळजीपणाने मरतो, हे यार्डात कुणालाच पटत नव्हतं. पण पोलिस येऊन गेले, त्यांनी बोटीत डोकावून पाहिलं, वीज हा विषय शाळेतच सुटल्याची कबुली चेहऱ्यानेच दिली आणि 'अपघात' म्हणून निघून गेले.

सर्व्हेयरला हे सगळं नंतर कळलं. आधी आला तो फोन.

सर्व्हेयर बोटींच्या अपघातांची तपासणी करून विमा कंपनीला अहवाल देत असे. या धंद्यात केस पांढरे झाले तरी पोहायला येत नव्हतं आणि पाण्याची भीती तर इतकी, की आंघोळीची बादलीसुद्धा तो काठोकाठ भरू देत नसे. काम मात्र चोख. कारण त्याच्यासमोर येणाऱ्या बोटी बुडून, वर काढून, जमिनीवर आडव्या पाडलेल्या असत. अशा बोटींची त्याला भीती वाटत नसे. त्यांना जे करायचं ते करून झालेलं असे.

फोन बायकोच्या धाकट्या बहिणीचा होता. ती बोटींच्या मोटरी आणि बॅटऱ्यांची डिझायनर. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. एरवी ती फोनवर आधी त्याची दहा मिनिटं टिंगल करायची आणि मग विषयावर यायची. आज तिने टिंगल केली नाही. 

"भावोजी," ती म्हणाली, "मी माणूस मारलाय."

२

बोट जेटीच्या अगदी टोकाला, एका गंजक्या तराफ्याच्या आड बांधलेली होती. पांढरी, लांबट, दिसायला गरीब. छतभर सोलर पॅनल, पोटात बॅटऱ्या, मागे मोटर. ऊन पडलं की बॅटऱ्या भरायच्या, बॅटऱ्या भरल्या की बोट चालायची. धूर नाही, आवाज नाही. उद्या दुपारी तिचं उद्घाटन होतं आणि पहिल्या फेरीच्या पाहुण्यांत सर्व्हेयरची बायको आणि मुलगी होत्या. सर्व्हेयरने आपलं नाव 'ऐन वेळी काम निघालं' या सदराखाली आधीच कमी करून घेतलं होतं.

"उद्घाटन पुढे ढकललं असेल ना?" त्याने विचारलं.

"नाही. मालक म्हणतात, मंडप लागलाय. दोन मिनिटं शांतता पाळू आणि मग फीत कापू."

धाकटीचे डोळे सुजले होते. तिने बोलता बोलता खिशातून मुठीएवढा नारिंगी प्लग काढून दाखवला. यार्डातले लोक त्याला खुंटी म्हणत. ही खुंटी उपटली की बॅटऱ्यांचा बाकीच्या बोटीशी संबंध तुटायचा. नियम तिनेच घालून दिला होता: बॅटऱ्यांच्या खोलीत जो उतरेल, त्याने खुंटी उपटून स्वतःच्या खिशात टाकायची. म्हणजे तो आत असताना वरून कुणी चुकून बोट चालू करू शकणार नाही. सबंध बोटीला खुंटी एकच.

"ही त्याच्या पँटच्या खिशात होती," ती म्हणाली. "नियम त्याने पाळला, भावोजी. आणि तरी गेला. बॅटऱ्यांचे सल्लागार म्हणतात, बॅटऱ्या तोडल्या तरी माझ्या जोडणीत कुठेतरी करंट उरत असणार. डिझाइनची चूक. आणि तसं असेल तर उद्या ताई, तुमची पोर..." 

"तू उद्घाटन थांबव."

"कशाच्या जोरावर? चूक सापडत नाहीये! काल दुपारपासून मी तीच तीच जोडणी तपासतेय."

जेटीवरून बोटीत जायला एक फळी होती. खाली पाणी. सर्व्हेयरने फळीकडे पाहिलं, फळीने त्याच्याकडे. मग हातातली बॅग धाकटीकडे देऊन, जेटीवर दुसरं कुणी नाही याची खात्री करून, तो रांगत पलीकडे गेला. कुणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. धाकटी कुणाला सांगणार नाही इतकी घाबरलेली होती, हेच वाईट होतं.

बॅटऱ्यांची खोली म्हणजे खोली म्हणायची एक पद्धत. जमिनीतल्या झाकणातून शिडीने खाली उतरायचं आणि वाकून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पायाखाली ओल, आणि बोटीच्या कुशीपलीकडे पाणी थपाथप थापट्या मारतंय. त्याने टॉर्च फिरवला. पॅनलकडून येणाऱ्या दोन जाड वायरींची टोकं उघडी लोंबत होती. टेस्टर तिथेच पडलेला सापडला होता. एका पेटीच्या झाकणाचे स्क्रू सैल होते. आणि पेटीवर रबरी हातमोजे होते, घडी करून, एकावर एक ठेवलेले.

"टेस्टर कुठे होता? म्हणजे त्याचं हत्यार?" त्याने वर तोंड करून विचारलं.

"शर्टाच्या खिशाला. टोपण लावलेला."

सर्व्हेयर मोज्यांकडे बघत राहिला. आधी वायर तपासली. करंट नव्हता. टेस्टरला टोपण लावून तो खिशाला अडकवला. मग मोजे काढले, घडी घातली. बारीक काम उघड्या हातांनीच नीट होतं. म्हणजे त्याने हात लावला तेव्हा वायर मेलेली होती. मग ती जिवंत झाली.

मेलेली वायर मध्येच जिवंत कशी होते?

तेवढ्यात डोक्यावरचं झाकण धाडकन बंद झालं.

३

"बोंबलता काय एवढं?" झाकण पुन्हा उघडलं आणि वरून एक दाढीवाला चेहरा आत डोकावला. "झाकण उघडं ठेवलं की कुणीतरी तंगडं मोडून घेतंय. दिसलं की लावायचं, सवय आहे आपली."

हे डिझेलकाका. यार्डातले जुने इंजिन फिटर. सर्व्हेयरला त्यांनी काखेत हात घालून बाहेर काढलं, कारण त्याचे पाय त्या क्षणी कामावर हजर नव्हते. धाकटी जेटीवर मालकांच्या हाकेला गेली होती.

"तुम्हाला ही बोट आवडत नाही, असं ऐकलं," श्वास जागेवर आल्यावर सर्व्हेयर म्हणाला.

"बोट?" काका थुंकायला वळले, मग पाहुणा समोर आहे हे आठवून थांबले. "टॉर्चच्या सेलवर चालणारं खेळणं. पण पोरगं चांगलं होतं हो. मला म्हणायचं, काका, तुम्हाला विजेची भीती वाटते, मला डिझेलची वाटते, दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो."

"काल दुपारी कुठे होता तुम्ही?"

"जेवून झोपलो होतो शेडमध्ये. कुणालाही विचारा. माझं घोरणं पलीकडच्या काठावर ऐकू जातं."

ही गोष्ट पुढे मालकांनीही मान्य केली, अगदी तक्रारीच्या सुरात. कारण त्याच वेळी ते शेडबाहेर उभं राहून मंडपवाल्याशी फोनवर भांडत होते आणि घोरण्यामुळे त्यांना स्वतःचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. मालक गोल, घामेजलेले. बोलताना ते सारखे पाण्याकडे बघत, जणू पाणीच त्यांना फसवणार होतं.

"माझ्या बोटीवर माणूस मेलाय, साहेब," ते म्हणाले. "मला काय दगडाचं काळीज आहे? पण सल्लागारांनी सांगितलंय, ती एक जोडणी बदलली की धोका नाही. आता ते एवढे शिकलेले."

शिकलेले सल्लागार ऑफिसात पंख्याखाली बसले होते. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं, बूट असे की यार्डातून चालूनही त्यांना यार्ड लागलेलं नव्हतं. बॅटऱ्यांच्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानत. बॅटऱ्या कोणत्या घ्यायच्या हे त्यांनीच ठरवलं होतं आणि एकेक बॅटरी स्वतः तपासून तेच तिला पास करत. उद्याच्या मंडपात त्यांचाच सत्कार होता.

"वाईट वाटतं मुलीचं," ते हळू आवाजात म्हणाले. "हुशार आहे. पण अनुभव कमी. बॅटरी तोडल्यावरही जोडणीत करंट उरला, दुसरं काय? त्या बिचाऱ्याला पॅनलच्या वायरींचे जोड घट्ट करायला मीच पाठवलं होतं. आयुष्यभर डोक्यात राहील."

"तुम्ही इथेच होता?"

"इथेच, या खुर्चीत. मोबाईलवर बोटीवर लक्ष होतं माझं. पॅनलचं उत्पादन शून्य दाखवत होतं सबंध वेळ. ताडपत्री जागेवर होती, त्यामुळे पॅनलचा प्रश्नच येत नाही. दोष बॅटरीच्या बाजूचा आहे."

ते इतकं समजावून बोलले की सर्व्हेयरने मान डोलावली. ऑफिसच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो मान डोलावतच होता. मग एका पायरीवर त्याची मान थांबली.

ताडपत्रीबद्दल त्याने काही विचारलंच नव्हतं.

४

"ताडपत्री? ती छतावर," धाकटी म्हणाली. "सोमवारी मीच बांधली. पॅनलच्या वायरींचं काम असलं की पॅनल झाकून ठेवतो. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

"मला वर चढायचंय."

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. भावोजी स्टुलावर चढून बल्ब बदलत नाहीत, हे तिला ताईकडून माहीत होतं.

शिडी बोटीच्या बाहेरच्या अंगाला होती, म्हणजे बरोबर पाण्यावर. सर्व्हेयर डोळे मिटून चढला आणि वर पोचल्यावर आडवाच झाला. छताला कठडा होता, आणि कठड्यावर पाणपक्षी ओळीने बसले होते. ते कामावरून निवृत्त झालेल्या मंडळींसारखे सगळ्यांकडे नापसंतीने बघत होते. कठडा, झेंड्याची काठी, दोरखंड, जिथे नजर जाईल तिथे त्यांची शिट पडून पांढरं झालेलं. फक्त एक गोष्ट स्वच्छ होती. छतभर पसरलेली निळी ताडपत्री. तिच्यावर एखाददुसरा ताजा ठिपका होता, बस्स.

"सोमवारपासून इथे आहे ना ही?"

"हो."

"मग या मंडळींनी हिला सोडलं कसं?"

त्याने कोपऱ्यातली दोरी बघितली. बुटाच्या लेसला मारतात तशी फुलपाखरासारखी गाठ. धाकटीही ती बघत होती. "ही माझी नाही," ती पुटपुटली. "यार्डात अशी गाठ कुणी मारत नाही. वाऱ्याने सुटते."

सर्व्हेयरने कडा किंचित उचलली. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला वाळलेल्या शिटीचे पांढरे पोपडे होते. काही काचेला चिकटून राहिले होते.

म्हणजे ताडपत्री कुणीतरी काढली होती. आणि परत घालताना घाईत उलटी घातली होती.

"धाकटे," तो म्हणाला, आणि आपला आवाज चिरका झालाय हे त्यालाच ऐकू आलं, "खुंटी उपटली की बॅटरी तुटते. पॅनलचं काय होतं?"

धाकटीचा चेहरा कागदासारखा झाला.

"पॅनल सगळे एका माळेत आहेत," ती सावकाश म्हणाली. "ऊन आहे तोवर त्या वायरींत माणूस मरेल एवढी वीज असते. सूर्याला खुंटी नाही, भावोजी. ताडपत्री हीच त्याची खुंटी."

भर दुपार. खाली टेस्टरच्या उघड्या हातात वायरी. आणि वर, इथे, आत्ता ते दोघं होते त्याच जागी, कुणीतरी एक कोपरा सोडला आणि कापड ओढलं.

खाली फळी करकरली. दोघांनी वाकून पाहिलं. फळीवर कुणी नव्हतं, पण ती अजून हलत होती.

५

बोटीच्या केबिनमध्ये दार लावून दोघं बसले. सर्व्हेयरने आतून कडी घातली, ती परत तपासली आणि पुन्हा एकदा तपासली.

"मोबाईलवर बोट दिसते म्हणतात, ती दाखव."

धाकटीने स्वतःचा मोबाईल पुढे केला. पडद्यावर बोटीचं चित्र करडं झालेलं होतं आणि खाली शब्द होते: संपर्क नाही.

"पॅनल झाकलेले आहेत. मग शून्य का नाही दाखवत?"

"खुंटी माझ्याकडे आहे ना. खबर पाठवणारं यंत्र बॅटरीवर चालतं. खुंटी काढली की बोट मोबाईलवर दिसतच नाही. शून्य दिसायलासुद्धा खुंटी जागेवर लागते."

"आणि काल दुपारी खुंटी टेस्टरच्या खिशात होती."

"हो."

"सल्लागारांना मात्र सबंध वेळ शून्य दिसत होतं."

 बाहेर पाणी थापट्या मारत होतं.

"पण का?" धाकटी म्हणाली. "टेस्टरनं त्यांचं काय घोडं मारलं होतं?"

सर्व्हेयरला सैल स्क्रू आठवले. दोघं खाली उतरले. धाकटीने त्या पेटीचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि एक पाऊल मागे सरकली. आतल्या बॅटऱ्या चपट्या असायला हव्या होत्या. त्यांची पोटं फुगली होती.

"या पेटतील," ती कुजबुजली. "आज नाहीतर उद्या. भरलेल्या बोटीत, पाण्याच्या मधोमध. हे मला दिसलं असतं तर मी बोट हलूच दिली नसती."

"टेस्टरला दिसलं. आणि तो आधी पास करणाऱ्याकडे गेला." सर्व्हेयरने कपाळ पुसलं. "पण धाकटे, आपल्याकडे काय आहे? एक चुकीचं शून्य आणि थोडी शिट. ते म्हणतील, माझा गैरसमज झाला. शिट तर काहीच म्हणणार नाही."

"मग?"

सर्व्हेयरला बोटींतलं फारसं कळत नसेल, विजेतलं तर मुळीच नाही. पण घाबरलेल्या माणसाबद्दल त्याच्याएवढा जाणकार त्या यार्डात नव्हता. घाबरलेला माणूस नवी युक्ती शोधत नाही, हे तो स्वतःवरून जाणत होता. ज्या खांबाला धरून एकदा वाचला, त्याच खांबाकडे तो पुन्हा धावतो.

"इथला भोंगा," त्याने विचारलं, "पॅनलच्या वायरींवर वाजवता येईल?"

"मध्ये एक डबी घालावी लागेल." डबी काय करते ते तिने समजावून सांगितलं. त्याला कळलं नाही. "पण तुम्ही इथे खाली बसणार? एकटे?"

"वायरींना मी हात लावणार नाही," सर्व्हेयर म्हणाला. "बाकी सगळ्याची भीती वाटतेच आहे, त्यात हीपण."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात खुर्च्या मांडल्या जात असताना सर्व्हेयरने जेटीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं की बॅटऱ्यांच्या सगळ्या पेट्या तो स्वतः उघडून बघणार आहे. त्यासाठी आधी पॅनलच्या आडव्या आलेल्या वायरी सोडवाव्या लागतील. "खुंटी माझ्या खिशात आहे," तो खिसा थोपटत म्हणाला, "आणि ताडपत्री वर आहे. म्हणजे भीती नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यामुळे ते कुणालाच खोटं वाटलं नाही. पाण्याला घाबरतो बिचारा, एवढंच सगळ्यांना वाटलं.

"एकटेच उतरणार?" सल्लागारांनी काळजीने विचारलं.

"गर्दी नको. सगळे ऑफिसात चहा घ्या."

धाकटी मालकांना आणि काकांना घेऊन ऑफिसात गेली. काल फळी हलवून गेले ते काकाच होते, उघडं झाकण लावायला आलेले. सल्लागार म्हणाले, मी मंडपाकडे बघून येतो.

खाली अंधार होता. सर्व्हेयर गुडघे पोटाशी घेऊन, वायरींपासून जमेल तेवढा दूर बसला. दोन्ही टोकं धाकटीच्या डबीत गेली होती आणि डबीतून वर भोंग्याला. पाणी कानाशी बोलत होतं. आपण तरंगत्या डब्यात, फुगलेल्या बॅटऱ्यांशेजारी, एका माणसाने आपल्याला मारायला यावं याची वाट बघत बसलोय, हा विचार त्याने जितका टाळला तितका तो चांगल्या मराठीत त्याच्यासमोर उभा राहिला. कुणी आलंच नाही तर? आपलंच चुकलं असेल तर?

फळी करकरली.

बोट एका अंगाला किंचित कलली. शिडीवर पाऊल. मग दुसरं. छतावर बुटांचा सावध आवाज, पक्ष्यांची फडफड. मग काहीच नाही. वरचा माणूसही श्वास रोखून उभा असावा. सर्व्हेयरने तोंडावर हात दाबला.

कापड सरकल्याचा आवाज आला.

आणि भोंगा वाजला. खोल, लांबलचक, सगळ्या यार्डाला हलवणारा. पाणपक्षी एकदम उडाले. मंडपवाल्याच्या हातून खुर्ची पडली. ऑफिसच्या खिडकीत मालक, काका आणि धाकटी उभे होतेच. बोटीच्या छतावर इस्त्रीच्या शर्टातला माणूस ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी धरून उभा असलेला त्या तिघांनाही दिसला. भोंगा वाजतच राहिला, कारण ऊन चांगलं होतं आणि त्याला कापड परत टाकायचं सुचेना.

शेवटी काकांनी वर चढून कापड पसरलं. भोंगा थांबला.

"मी तपासत होतो," सल्लागार म्हणाले. "पक्ष्यांनी फार घाण..." मग ते खाली बसले. सर्व्हेयर खालून वर येईपर्यंत त्यांचा चेहरा म्हातारा झाला होता.

"त्याने धमकी दिली होती?" सर्व्हेयरने विचारलं.

"नाही." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "म्हणाला, सर, बॅटऱ्या फुगल्यात. डिझाइनवाल्या ताईंना तुम्ही सांगता की मी सांगू? सगळ्यांसमोर तुमची शोभा नको, म्हणून आधी विचारतोय. इतका चांगला वागला तो." ते थांबले. "मी घाबरलो हो."

"मीही," सर्व्हेयर म्हणाला. 

पोलिस सल्लागारांना घेऊन गेले. मालकांनी स्वतःच्या हाताने फीत सोडली आणि पहिल्यांदाच पाण्याकडे न बघता जमिनीकडे बघितलं. सर्व्हेयरने बायकोला फोन करून सांगितलं, येऊ नका. ती म्हणाली, तुमचा आवाज असा का येतोय? तो म्हणाला, मी बोटीवर आहे. तिने पुन्हा विचारलं, कुठे?

धाकटी जेटीवर बसली होती. "चूक माझीही होती, भावोजी," ती म्हणाली. "बॅटरीसाठी खुंटी ठेवली. सूर्यासाठीही वर एक खुंटी ठेवायला हवी होती. ताडपत्री आहे, म्हटलं. ताडपत्री कुणीही ओढू शकतं."

 "आता ठेवशील," तो म्हणाला.

"आता त्या बॅटऱ्या काढाव्या लागतील. ऊन आणखी चढायच्या आत. आणि वायरी मलाच सोडवायला हव्यात, दुसऱ्या कुणाला नाही उतरवणार मी." तिने हात पुढे केला. त्याने खिशातली खुंटी काढून तिच्या हातावर ठेवली. ती तिने स्वतःच्या खिशात टाकली, झाकणापर्यंत गेली आणि थांबली. वारा सुटला होता. छतावरची ताडपत्री फडफडत होती. धाकटी वर बघत राहिली. एक पाय शिडीवर होता, दुसरा उचलेना.

सर्व्हेयरने बूट काढले.

तो बाहेरच्या शिडीने, पाण्यावरून, या वेळी डोळे उघडे ठेवून चढला. ताडपत्रीच्या मधोमध पालथा पडला आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा आवळल्या. पाणपक्षी परत येऊन कठड्यावर बसले.

"धरलीय," तो खाली ओरडला.  "उतर तू."

झाकणाखालून टॉर्च पेटला. मग रबरी मोजे काढून त्यांची घडी केल्याचा आवाज आला.

"सोडू नका हं, भावोजी."

"सोडायला मला पोहता कुठे येतंय?" सर्व्हेयर म्हणाला, आणि मूठ आणखी घट्ट केली.